ठोकायची नोकरी

सिद्धेश्वरीचा हात चटकन उठायचा. मंद्रूपच्या आठवडी बाजारात तिनं एका कांदेवाल्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली होती की त्याच्या तराजूची पारडी बराच वेळ हलत राहिली. शाळेत कबड्डी खेळताना तिच्या पकडीत सापडलेल्या पोरीचा खांदा निखळला. तिची आई, अव्वा, कपाळावर हात मारून घ्यायची. "हिला कोण पत्करणार गं बाई? सासूलाच लोळवायची ही."

सासू मिळायच्या आधी नोकरी मिळाली, आणि तीही मारायचीच. सोलापुरात होटगी रोडवर, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर अभिमन्यू सरांचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. तिथं तयार झालेली ॲप लोकांच्या हातात जाण्याआधी सिद्धेश्वरीनं ती बडवायची. हजारो खोटी माणसं उभी करायची, सगळी एकदम सर्व्हरवर सोडायची आणि तो कुठवर तग धरतो ते बघायचं. ठोकण्याचं हे काम करायला एक सॉफ्टवेअर होतं. निकालही तेच लिहून ठेवायचं. पहिला सर्व्हर आडवा झाला तेव्हा ती इतकी मनापासून हसली की सर दचकले. त्यानंतर तिनं माणसावर हात टाकला नाही. हाताची भूक तिथंच भागत होती.

यंदाच्या हंगामात एका साखर कारखान्यानं उसाच्या गाड्यांना मोबाइलवर टोकन द्यायचं ठरवलं. ॲप सरांचं होतं. सिद्धेश्वरीनं ते बडवलं, निकालात ओळीनं 'यशस्वी' आलं, आणि ॲप सुरू झालं.

पहिल्याच दिवशी ट्रॅक्टरांची रांग फाटकातून डांबरी रस्त्यावर आली. टोकन निघेना. मागून आलेला पुढं जाऊ लागला. ऊस उन्हात वाळत होता, वजन घटत होतं. दुपारी ड्रायव्हरांनी टोकन तपासायच्या खिडकीची जाळी उपसली. आत गुरप्पा होता, पन्नाशीचा कारकून. त्याला खिडकीतूनच बाहेर ओढलं. एकाच्या हातात चाक खोलायची लोखंडी टामी होती. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. तो खाली पडला तेव्हा ज्यांच्या हातात काही नव्हतं त्यांनी पाय वापरले. लोक बाजूला झाले तेव्हा उसाच्या पाल्यावर रक्ताचं थारोळं होतं आणि त्यावर माश्या बसायला लागल्या होत्या.

ॲप सोमवारपर्यंत बंद ठेवलं. हे तिला शिवयोगीनं फोनवर सांगितलं. तो तिचा धाकटा भाऊ, त्याच कारखान्यात वजनकाट्यावर कामाला.

"अक्का, सोमवारपासून खिडकीत मी. पंखा हाय तितं. काट्यावरच्या धुळीतून सुटलो बघ."

"आणि गुरप्पामामा?"

"तोंड तारांनी बांधलंय. नळीनं दूध पाजत्यात."

"आणि तुला पंखा सुचतोय?"

"पंख्यानं काय केलंय कुणाचं?"

"ॲप बिघडलंय रं मुडद्या. तुलाबी तुडवतील. नको जाऊस."

"तूच तपासलंस की. तूच पास केलंस."

तिनं फोन ठेवला आणि ऑफिस गाठलं.

सरांकडं उत्तर तयार होतं. "गुरप्पाला मशीन कळत नव्हतं. तुझा निकाल स्वच्छ आहे."

पण निकाल आखूड होता. एका ठोक्याला एक ओळ, त्यात वेळ आणि 'यशस्वी'. सर्व्हरनं काहीतरी उत्तर दिलं, एवढाच त्याचा अर्थ. उत्तर काय दिलं ते त्यात नव्हतं. ते बघायचं तर निकाल लांब स्वरूपात घ्यायला हवा होता, सर्व्हरच्या पूर्ण उत्तरासकट.

तिनं सेटिंगची फाइल उघडून 'लांब' असं लिहिलं आणि पुन्हा ठोकलं. निकाल आखूडच आला. सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं. आखूड. मशीन बदललं, फोल्डर जसंच्या तसं दुसरीकडं नेलं. पालथ्या घड्यावर पाणी. मारलेलं तिला सोसायचं, ऐकून न ऐकल्यासारखं केलेलं सोसायचं नाही. शनिवारी दुपारी तिनं कीबोर्ड उचलून टेबलाच्या कडेवर आपटला. बटणं दाण्यांसारखी उडाली. तळहात फाटून मनगटापर्यंत रक्ताचा ओघळ आला, तेव्हा कुठं तिचा श्वास खाली बसला.

शेजारच्या खुर्चीवरची अपेक्षा टेबलाखालून बटणं वेचत म्हणाली, "बाई, पुढच्या वेळी उशी आणून ठेवते."

हाताला रुमाल गुंडाळून, दुसरा कीबोर्ड घेऊन तिनं ती फाइल पहिल्यांदाच तळापर्यंत वाचली. तिनं आपली ओळ सगळ्यात वर लिहिली होती. तिच्या घरात लिहिणं देवाच्या नावाखाली सुरू व्हायचं आणि मोठ्यांचं नाव पहिल्या ओळीत असायचं. मानाचं ते वर, हे तिच्या हाडात होतं. आणि अगदी खाली, केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी तीच सेटिंग लिहून ठेवली होती: आखूड. सॉफ्टवेअर वरून खाली वाचत यायचं आणि शेवटचं ऐकलेलं धरायचं. त्याला मानपान ठाऊक नव्हता.

तिनं खालची ओळ पुसली आणि ठोकलं. या वेळी निकाल लांब आला. दहातल्या सात जणांना सर्व्हरनं एकच उत्तर दिलं होतं: गर्दी आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा. प्रत्येक नकारापुढं 'यशस्वी' होतं.

सरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. "दुरुस्तीला आठवडा लागेल. सोमवारी उघडायचंच आहे, चेअरमनसाहेबांनी पाहुणे बोलावलेत. फाटकावर दोन वॉचमन वाढवू."

"सर, खिडकीत माझा भाऊ बसणार आहे."

"मग त्याला सांग, हेल्मेट घाल."

ते हसले. तिनं त्यांच्याकडं बघितलं, आपल्या हाताकडं बघितलं, आणि हात खाली ठेवला.

रविवारी सकाळी कारखान्याच्या केबिनमध्ये चेअरमन आणि संचालक ॲप बघायला बसणार होते. त्याच वेळी ऑफिसात तिनं ठोकायच्या सॉफ्टवेअरमध्ये चाचणीच्या सर्व्हरऐवजी कारखान्याच्या खऱ्या सर्व्हरचा पत्ता घातला. सरांनी तिच्या खांद्यावरून ते पाहिलं. "काय करतेस? काढ हात!" त्यांनी तिचं मनगट धरून मागं पिरगाळलं. जखम उकलली. पुढचं कबड्डीनं केलं. ती वळली, खांदा त्यांच्या छातीत घातला, आणि सर मागच्या काचेच्या कपाटावर आदळले. काच त्यांच्या पाठीवर फुटली. उठायला लागले तसा तिनं गुडघा छातीवर रोवला.

"अपेक्षा, एन्टर दाब."

"मी?"

"माझे हात गुंतलेत."

अपेक्षानं डोळे मिटून दाबलं.

सर्व्हर बघता बघता गार झाला. सरांचा फोन वाजायला लागला, चेअरमनसाहेबांचा. तो तसाच वाजू देत ती पाय काढून उठली. सरांच्या ओठातून रक्त येत होतं. "पोलिसात देतो तुला," ते म्हणाले. तिनं मान डोलावली आणि हात धुवायला गेली.

सोमवारी दुपारी ती सदर बझारच्या पोलीस ठाण्यात बाकावर बसली होती. तळहाताचे टाके ठणकत होते. शिवयोगीचा फोन आला. तो भडकला होता. ॲप रद्द झालं होतं. जुन्या पद्धतीनं हातानं चिठ्ठ्या देत होते, आणि चिठ्ठ्या द्यायला गुरप्पाच्याही आधीचा जुना माणूस बसवला होता.

"माझी खुर्ची घालवलीस अक्का. परत काट्यावर धूळ खातोय मी."

"रांग हाय का?"

"हाय की. शिव्या घालत्यात, पण हाय. खुर्चीचं बोल!"

"कुणी मारलं कुणाला?"

"न्हाय. तू कुटं हायस?"

"हितंच. तू जेवलास?"

"न्हाय अजून."

"मग जेव जा," ती म्हणाली, आणि हवालदारानं हाक मारली तशी उठली.