माणसाळलेली मांजर

यशवंतनाना कधी कुणाच्या अंगावर समोरून चालत जात नसत. माणूस असो की जनावर, ते दहा पावलांवरच बाजूला वळायचे, घसा खाकरून आपण आल्याचं कळवायचे आणि मग तिरके तिरके जवळ यायचे. मलकापुरातल्या बायका त्यांच्या या चालीला हसत. मी तिथे नवी होते तेव्हा मलाही ते चमत्कारिक वाटलं होतं. नाना माझ्या शेजारच्या खोलीत एकटेच राहत. फौजेत ते खेचरं सांभाळायला होते. ब्रह्मदेशातली लढाई संपवून घरी आले तोवर बायको तापाने गेली होती. घायपाताच्या दोऱ्या वळून ते पोट भरत.

मी मलकापुरात राहून शेजारच्या कराडला मुलींच्या शाळेत शिकवायची. माझ्या खोलीत उंदीर फार झाले होते, आणि त्या दिवसांत घरात मेलेला उंदीर दिसला की लोकांना प्लेगची आठवण व्हायची. शाळेतल्या एका बाईंची बदली झाली. त्यांनी आपली मांजर मला देऊ केली. चांगली मोठी, करड्या रंगाची, नाव हरणी. तिला पोत्यात घालून, पोत्याचं तोंड बांधून मी टांग्यातून घरी आणलं. पोतं सोडताच ती जी ज्वारीच्या कणगीमागे गेली, ती गेलीच. मी झोपल्यावर केव्हातरी दूध पीत असावी. सकाळी वाटी रिकामी दिसे, मांजर दिसत नसे.

चौथ्या दिवशी माझा धीर सुटला. कणगीमागे हात घालून मी तिला मानगूट धरून ओढलं. तिने कोपरापर्यंत ओरबाडलं. ओट्यावर बसून मी हात धूत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. नाना खाकरले आणि पलीकडच्या पायरीवर, माझ्याकडे पाठ करून बसले.

"एवढं दूध घालते, आणि ही अशी," मी म्हणाले. "फार रागीट आहे."

"कान कसं हुतं तिचं, बाई?"

"कान?"

"मागं चापून बसवल्यालं? आन् डोळं समदं काळं?"

मी आठवून हो म्हटलं.

"मग ती रागात न्हाई. भ्यालीया. रागाचं जनावर पुढं येतं. ही मागं मागं सरत ऱ्हायली आसंल. मागं भिंत आली, तवा नख्या काढल्या."

"पण इथे भिण्यासारखं काय आहे, नाना?"

"काय न्हाई, ते तुमाला म्हाईत. तिला कुनी सांगितलंय? तिच्या लेखी पोतं अजून सुटल्यालंच न्हाई. तुमची खोली म्हंजे जरा मोठं पोतं, एवढंच."

त्या दिवसापासून नाना सांगतील तसं मी वागू लागले. कणगीमागची जागा तिची. तिथे हात घालायचा नाही, केरसुणीही नाही. माझं जुनं लुगडं तिथे टाकून ठेवायचं, म्हणजे वास ओळखीचा होतो. तिच्या डोळ्यांत बघायचं नाही. दुधाची वाटी रोज चार बोटं अलीकडे आणायची. एखाद्या दिवशी ती बाहेर आली नाही तर दुसऱ्या दिवशी वाटी परत मागे न्यायची. "आपल्याला घाई आसती, बाई. भ्यालेल्याला घाई नसती," असं ते म्हणत. रोज संध्याकाळी ते येत आणि उंबऱ्याच्या आत, कणगीकडे पाठ करून, दोरी वळत बसत. बोलत नसत. माणूस नुसता बसून राहतो आणि काही करत नाही, हे तिला कळलं पाहिजे, असं ते म्हणाले.

महिन्याभराने एका संध्याकाळी हरणी कणगीच्या बाहेर आली. पोट जमिनीला लावून, थांबत थांबत, नानांच्या पाठीशी येऊन तिने दोरीचा वास घेतला. नानांनी दोरी वळणं थांबवलं नाही. तिला कुरवाळलं नाही.

"ती तुमच्याकडे आली होती," नंतर मी म्हणाले. "हात का नाही लावला?"

दोरी वळता वळता ते बोलले. "आमच्या कंपनीत एक खेचरी हुती. वैऱ्याला आवाज जाऊ नये म्हनून खेचरांच्या गळ्याला शस्त्र लावून आवाजच काढून टाकीत. तवापास्नं ती मानसाच्या वाऱ्याला उभी ऱ्हाईना. सा म्हैनं घातलं मी तिच्यापाशी. मग माज्या मागनं दाव्याबिगार चालायची. माघारी येताना नदी लागली. तराफ्यावर मानसांपुरतीच जागा. खेचरं मारून टाका, असा हुकूम झाला. बाकीची दावी तोडून रानात पळाली. कुनास ठावं, जगली बी आसतील. ही पळाली न्हाई. मी म्होरं हुतो ना. माज्याकडं बघत हुबी ऱ्हायली." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. "तवापास्नं मी जनावराला हात लावत न्हाई. तुमी लावा."

मी लावला. हळूहळू हरणी माझ्या मांडीवर झोपू लागली. मी शाळेतून यायच्या वेळेला ओट्यावर येऊन बसायची. उंदीर नाहीसे झाले. नंतर नंतर ती गल्लीतल्या कुणाच्याही पायाला अंग घासायची. बायका कौतुकाने तिला भाकरीचा तुकडा टाकत. नाना ते बघत, पण त्यांच्या चेहऱ्यावर मला कधी आनंद दिसला नाही. "समद्यांच्याच पायात जाती आता," एवढंच एकदा म्हणाले.

पलीकडच्या गल्लीतल्या गणपतरावांची कोंबडीची पिल्लं कुठला तरी बोका नेत होता. एका रविवारी दुपारी गणपतराव हरणीला हातांवर घेऊन माझ्या दारात आले.

"बाई, चुकलो," ते म्हणाले. "भ्या दाखवावं म्हनून काठी हानली. पळंल म्हनलं. कंचं बी मांजर पळतंया. ही काठीकडंच आली, शेपूट वर करून. काठी आवरली न्हाई मला."

त्यांना मांजर मारल्याचं पाप छळत होतं. सोन्याची मांजर करून दान द्यावी लागते, तेवढी माझी ऐपत नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. नाना खोलीतून बाहेर आले. पहिल्यांदाच मी त्यांना सरळ समोरून चालत येताना पाहिलं. त्यांनी हरणीला घेतलं, ओढ्याकाठी नेऊन पुरलं आणि हात धुऊन पायरीवर बसले.

"नाना, तुमचा काय दोष?" मी म्हणाले. "चार महिने ती सुखाने राहिली."

"ऱ्हायली की. पर भ्या हेच तिचं हत्यार हुतं, बाई. ते मी काढून घेतलं. बदल्यात दिलं काय तिला? तुमी आन् मी. आपन दोघं बी तिथं न्हवतो."

संध्याकाळचं येणं त्यांनी बंद केलं. मी भाकरी घेऊन गेले तर दाराशी ठेवा म्हणत. मेमध्ये माझी सांगलीला बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा ते दोरी वळत होते. तिकडे गेल्यावर पत्र पाठवते, असं मी म्हणाले. "मला वाचता येत न्हाई," ते म्हणाले, आणि दोरीचं पुढचं पेड घेतलं.

दिवाळीच्या सुमारास सांगलीत मलकापूरच्या घरमालकिणीचं कार्ड आलं. भाड्याच्या खोलीत माझा एक पाटा राहिला होता, तो कुणाबरोबर पाठवू, असं विचारलं होतं. खाली दोन ओळी होत्या. श्रावणात नाना तापाने गेले. आजारात त्यांनी डॉक्टरला किंवा आणखी कुणाला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी दार फोडावं लागलं.

जाऊन यावं असं फार वाटलं. पण गेल्यावर कुणाला भेटायचं, हेच ठरेना. त्या घरात दुसरं माणूसच नव्हतं. पाटा तुम्हीच वापरा, असं मालकिणीला कळवलं, आणि मी गेले नाही.