वाईट सांगायची जबाबदारी

जयवंत घाडीला खोटं बोलता येत नसे असं अजिबात नाही. टॉवरच्या गेटवर बारा वर्षं वॉचमनची नोकरी केलेल्या माणसाला रोज चार-दोन थापा माराव्याच लागतात. साहेब घरी नाहीत, मॅडम झोपल्यात, पार्किंग फुल आहे. या तो बिनदिक्कत मारायचा. पण लालबागबद्दल वाकडं बोलायचं म्हटलं की हा गडी ढेपाळायचा, आणि नेमकी तीच कामगिरी त्याच्या गळ्यात पडली.

गिरण्यांचा संप फिसकटल्यावर, अठराव्या वर्षी, तो देवगडच्या आतल्या अंगाच्या आंबेरखोल गावातून मुंबईला आला. मिलमध्ये चिकटायचं म्हणून आला आणि मिल फक्त बाहेरूनच बघितली. मग कपड्यांना इस्त्री केली, कुरियर वाटले, आणि शेवटी त्याच मिलच्या जागेवर टॉवर झाला तेव्हा त्याच्या गेटवर जाऊन उभा राहिला. बायको, रमा, गावी. तीस वर्षांच्या संसारात दोघं एका छपराखाली राहिली ते दिवस जोडले तर तीन वर्षंही भरायची नाहीत. ती गेली तेव्हाही हा ड्युटीवर होता. आता गावच्या घरात पुतण्यांनी मधोमध भिंत घातली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना जयवंतसाठी जागा नव्हती. आपलं म्हणावं असं त्याला एकच ठिकाण उरलं होतं, ते म्हणजे गावाची खोली.

ही खोली लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. दहा बाय बाराची. साठ वर्षांपूर्वी आंबेरखोलच्या गिरणी कामगारांनी वर्गणी काढून ती पागडीने घेतली. गावचा कुणीही मुंबईत आला, नोकरीसाठी येवो की इस्पितळासाठी, की त्याने इथे चटई पसरायची आणि पैसे विचारायचे नाहीत, एवढाच नियम. एका वेळी बावीस माणसं पाळीपाळीने झोपलेली आहेत तिथे. भाड्याच्या पावतीवर कुणाचं तरी एकाचं नाव लागतंच, म्हणून सगळ्यांत वडीलधारे बापू सावंत यांचं घातलं. दुसरा कागद नाही. आपल्याच गावच्या माणसाकडून लिहून घ्यायचं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा, आणि हे कुणाच्याने होणार?

बापू गेले, बापूंचा मुलगा गेला, आणि पावती डोंबिवलीला राहणाऱ्या नातवाच्या, हितेंद्रच्या नावावर झाली. हितेंद्रने खोली विकायला काढली. खोलीची व्यवस्था बघणारं गावचं मंडळ वकिलाकडे गेलं, पण कागदच नाही म्हटल्यावर त्याने दोन मिनिटांत घरी पाठवलं. सुदैवाने पहिली दोन गिऱ्हाइकं सामायिक संडास बघूनच पळाली, तेव्हा हितेंद्रही कंटाळला. "हे शेवटचं गिऱ्हाईक," तो म्हणाला. "यांनी नाही म्हटलं तर मंडळाने जे पैसे जमवलेत तेवढ्यात खोली तुमची. कागद करून देतो. यांनी हो म्हटलं तर मात्र मला अडवायचं नाही."

म्हणजे सगळं या एका गिऱ्हाइकावर आलं. खोलीत आता तिघंच कायमचे होते. मसाल्याच्या गिरणीत काम करणारा बाबल परब आणि वॉर्डबॉय स्वप्नील यांना रविवारी सुट्टी नव्हती, जयवंतला होती, म्हणून खोली दाखवायचं त्याच्याकडे आलं. बाबलने त्याला दोन दिवस पढवलं.

"पाणी येना नाय म्हणान सांग. उंदीर सांग. गणपतीत धा दिवस डोळ्याक डोळो लागना नाय म्हणान सांग. आणि बरा काय बोलू नको रे बाबा, तुका लालबागचा लय कौतुक!"

"मी काय पोर आसंय?" जयवंत चिडला.

रविवारी सकाळी शिवाजी पार्कहून शंतनु आणि स्पृहा आले. नवरा-बायको, दोघंही नोकरीवाले, चाळिशीच्या आतले. गिरगाव पाहिलं होतं, शिवडी पाहिली होती, आता लालबाग. शंतनुने मोबाइलवर चांगली लांबलचक यादी केली होती आणि प्रत्येक मुद्द्याला तो दहापैकी मार्क देत होता.

"काका, पाण्याचं कसं आहे?"

"बोंब आहे," जयवंत म्हणाला.

"उंदीर, घुशी?"

"मांजरीएवढे."

शंतनुने मार्क दिले. ते किती दिले असतील हे त्याच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. जयवंत मनातून खूश झाला. आणखी पाच मिनिटं तोंड सांभाळलं असतं तर आज ही हकीकत सांगायची पाळी आली नसती. पण गॅलरीतून खाली बघत शंतनु बायकोला हळूच म्हणाला, "रिडेव्हलपमेंट होईपर्यंत भाडं तरी यायला हवं ना. इथे कोण राहायला येणार? दारुडे आणि मवाली. जाऊ या आपण, मला नाही पटत."

तेवढंच पुरलं.

"दारुडे?" जयवंत म्हणाला. "साहेब, या मजल्यावर चाळीस वर्षांत कुलूप लावलेलं नाही कुणी. या शेजारच्या बकुळाताई. त्यांना विचारा, इथून कधी चमचा तरी गेला काय ते. सव्वीस जुलैच्या पुरात रस्त्यात अडकलेल्या दोनशे माणसांना या चाळीने भात वाढलाय. मवाली कसले?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला," शंतनु ओशाळला.

पण आता जयवंतला आवरणार कोण! पाण्याचं काय, पहाटे पावणेपाचला येतं, घड्याळ लावून घ्यावं असं येतं. उंदीर होते ते खालच्या गोदामात, गोदाम गेलं तसे तेही गेले. गणपतीत झोप नसते हे खरं, पण झोपायचंय कुणाला? वॉचमनला त्या दिवसांत रजा नाही, म्हणून तो गावी न जाता इथे रांगेतल्या लोकांना पाणी देत उभा राहिला होता, बारा वर्षं. बकुळाताईंनी चहा आणून दिला. स्पृहा खोलीत आली आणि चटईवर बसली.

"इथे कोण कोण येतं राहायला?" तिने विचारलं.

"गावचे पेशंट येतात. केईएम चालत वीस मिनिटांवर. टाटाही तेवढंच. माणसांना या भागात जागा मिळत नाही, ताई. दोन-दोन महिने फुटपाथवर काढतात. कितीही पैसे द्यायला तयार असतात बिचारे, पण मिळत नाही."

स्पृहाने नवऱ्याकडे बघितलं. शंतनु खाली बघून मोबाइलवर भराभर लिहीत होता.

"आम्ही घेत नाही पैसे," जयवंत घाईने म्हणाला. "उंदीर आहेत अजून थोडे. संडासही तुंबतो." पण आता ते कुणाच्याच कानात शिरत नव्हतं.

जिन्यात शंतनुने त्याचा हात हातात घेतला. "काका, खरं सांगू? आम्ही नाही म्हणायचंच ठरवलं होतं. जिथला माणूस जागेबद्दल इतकं मनापासून बोलतो, तिथे रिस्क घ्यायला हरकत नाही. थँक यू." तो भला माणूस होता, आणि तेच जयवंतला सर्वांत जास्त लागलं.

संध्याकाळी हितेंद्रचा फोन आला. टोकन घेतलं होतं. महिनाअखेर खोली रिकामी हवी होती. जयवंत ट्रंकेवर बसला. साठ वर्षं गावाने धरून ठेवलेली खोली त्याने एका चहात विकली होती, आणि विकताना त्याला बरं वाटलं होतं. हे दुसरं त्याला जास्त खात होतं.

बाबल आणि स्वप्नील आले तेव्हा त्याने भात आणि बांगडे करून ठेवले होते. बातमी ऐकून स्वप्नील भिंतीला टेकून बसला. पुढच्या महिन्यात कुठे जायचं हे तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

बाबलने हळूच विचारलं, "तू सांगलंस ना रे सगळा?"

"सांगलंय. पाणी, उंदीर, गणपती. सगळा."

"आणि तरी घेतल्यानी?"

"तरी घेतल्यानी."

"मग तुझो काय दोष?" बाबल म्हणाला. "तू तुझ्याकडून केलंस. पैशेवाल्यांपुढे आपला काय चालता?" आणि आपल्या ताटातला बांगड्याचा मधला तुकडा उचलून त्याने जयवंतच्या ताटात घातला. जयवंतने मान खाली घालून तो खाल्ला.