एका गावाची चार नावं

लिफाफा काउंटरवर ठेवण्याआधी आजोबा तो शर्टाला पुसायचे आणि म्हणायचे, "गाव हललेलं नाही हं पोरी. पाट्या तेवढ्या बदलतात."

चिंचपोकळीच्या चाळीत एकटेच राहणारे हे म्हातारे मूळचे कर्नाटकाच्या सीमेवरचे. मी तेव्हा जवळच्याच एका पोस्टात नवी कारकून. वेणी घट्ट, अक्कल सैल. त्यांच्या गावावर आधी संस्थानिक, मग मुंबई राज्य, मग म्हैसूर, मग कर्नाटक. जो आला त्यानं गावाला आपलं नाव चिकटवलं. आजोबा पत्त्यात चारही नावं एकाखाली एक लिहायचे. तुम्ही हसला असतात. मीही हसले.

त्या खेपेचं पत्र आक्काला, थोरल्या बहिणीला होतं. तिच्याशी भांडूनच ते मुंबईला आले होते. आता थकले होते, उरलेले दिवस गावात काढायचे होते. "पण तिनं ये म्हटल्याशिवाय जायचं नाही बघ," म्हणाले आणि रजिस्टरची पावती घेऊन गेले.

त्यांची पाठ वळताच मी, शिस्तीची पुतळी, लाल पेनानं तीन नावं खोडली. सरकारी तेवढं ठेवलं. पत्र लवकर पोचावं म्हणून हो!

तीन आठवड्यांनी पत्र न फोडताच परत आलं. शेरा : रिफ्यूज्ड, म्हणजे घ्यायला नकार. आजोबा बाकावर बसले. "अजून राग हाय तिचा," एवढंच बोलले. मग त्यांना लाल रेघा दिसल्या.

"ह्या कुणी मारल्या?"

"मी."

आता शिव्या बसणार, असं मला वाटलं. म्हातारा खो खो हसला. "अगं, ह्या सरकारी नावाचा कागदच आक्का घेत नाही! मतदानाची चिठ्ठीसुद्धा परत धाडती. म्हणती, असल्या गावात मी राहत नाही. म्हणजे राग माझ्यावर नाही की!"

पत्र नव्या लिफाफ्यात गेलं. रांगेची बोलणी खात चारही नावं मी माझ्या हातानं लिहिली. मग आजोबा रोज दुपारी येऊन विचारायचे, "आलं?" मी नकारार्थी मान हलवायची.

महिन्याभरानं तेच पत्र परत आलं. शेरा नवा होता : डिसीज्ड, म्हणजे मयत.

पहिलं पत्र दारात गेलं तेव्हा आक्का हयात होती, हे आम्हां दोघांनाही कळत होतं. मी डोळे पुसू लागले. काउंटरच्या गजांतून हात घालून त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

"रडू नको. ह्या खेपेला नको म्हणाली नाही ती," असं म्हातारा मलाच समजावत होता.