दुनळीचं स्थळ

जपानी भाषेची तिसऱ्या पातळीची परीक्षा पास झाले आणि माझ्या डोक्यात हवा गेली. तोवर मी दुकानात बोट दाखवून भाजी घेणारी बाई होते. परीक्षेनंतर मात्र समोरच्याची इच्छा असो वा नसो, मी त्याच्याशी जपानीत बोलल्याशिवाय राहत नसे. पुण्यातले निम्मे इंजिनियर जपानला निघाले होते की काय असं वाटावं, असे ते दिवस. नवऱ्याला नागोयात गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम मिळालं होतं आणि मी त्याच्याबरोबर आलेली बायको, एवढीच माझी व्हिसावरची ओळख होती. ती माझ्या मनाला फार लागायची.

आम्ही शहराच्या कडेला, जिथे भातखाचरं सुरू होतात तिथे, एका दुमजली इमारतीत राहायचो. घरमालक शेजारच्याच जुन्या घरात बायकोबरोबर राहत. सत्तरी ओलांडलेले, आयुष्य कारखान्यात काढलेले, शिस्तीचे. प्लास्टिकच्या कचऱ्यात चुकून कागद गेला तर पिशवी पुन्हा आमच्या दारात येई. देवघरासाठी भिंतीला एक खिळा ठोकू द्या म्हणून मी तीनदा विनवलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी अतिशय नम्रपणे नाही म्हटलं. आमचे देव बिचारे दोन वर्षं मायक्रोवेव्हच्या खोक्यावर बसून होते. तरी हा माणूस मला आवडायचा, कारण माझं मोडकंतोडकं जपानी शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो एकटाच होता.

थंडी सुरू होता होता एकदा त्यांच्याकडे चिवडा द्यायला गेले. मालक ओसरीवर बसले होते आणि चेहरा उतरलेला होता. मी विचारलं, काय झालं. ते म्हणाले, "ओकुसान, घरात एक मुलगी आहे. तिला लग्न करून द्यायचंय. पण घ्यायला कुणी तयार नाही."

ओकुसान म्हणजे मी, वहिनीबाई म्हणावं तसं. मी खालीच बसले. एवढ्या दिवसांत या घरात मुलगी कधी दिसली नव्हती. चाळिशी उलटली तिची, असं ते म्हणाले. सडपातळ आहे, वजनाला हलकी आहे, चांगल्या घरातली आहे. पण हल्लीच्या पोरांना असली नको असते. वसंतातल्या वाढदिवसापर्यंत कुणी मिळालं नाही तर शोबुन करावं लागेल, असं म्हणून त्यांनी मान खाली घातली. शोबुन हा शब्द मला येत नव्हता. घरी येऊन शब्दकोश उघडला तर त्यात लिहिलं होतं, विल्हेवाट लावणे.

"तुझ्या ऐकण्यात काहीतरी गडबड असणार," नवरा म्हणाला.

"मुलगी, लग्न, चाळीस. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"अगं पण कुठला बाप मुलीची विल्हेवाट लावतो?"

"रागाने बोलले असतील. मुलीचं जमत नसलं की माणूस कावतो."

नवरा लॅपटॉपमध्ये तोंड घालून हसला. पण चाळिशीची मुलगी घरात आहे म्हटल्यावर हात बांधून बसणारी मराठी बाई मी तरी अजून पाहिलेली नाही. शिवाय स्थळ अगदी आमच्या डोक्यावरच राहत होतं. वरच्या मजल्यावर एक कॅनडाचा माणूस होता. नवऱ्याच्याच कंपनीत तो जपानी इंजिनियरांना इंग्रजी शिकवायचा. चाळिशीच्या आसपासचा, उंच, एकटा, जपानला येऊन बरीच वर्षं झालेली. मालकांना त्याचं नाव उच्चारता येईना म्हणून ते त्याला कानादा-सान म्हणायचे आणि मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. मी त्याला जिन्यात गाठलं आणि रविवारी मालकांकडे चहाला चल म्हटलं. बघायला, हे सांगितलं नाही. पण शर्ट इस्त्रीचा घाल, एवढं मात्र सांगितलं.

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. मालकीणबाईंनी चहा आणि संत्री ठेवली. मी मुलाची बाजू मांडायला सुरुवात केली. नोकरी कायमची आहे, घरची शेती आहे, खाण्यापिण्याच्या खोडी नाहीत. मालक जरा गोंधळले, पण खूश दिसले. त्यांनी लांबलचक काहीतरी विचारलं, त्यातला मेन्क्यो, म्हणजे लायसन, एवढाच शब्द मी पकडला. "आहे ना," मी म्हटलं, "गाडी फार सांभाळून चालवतो." मालक आणखीच गोंधळले. मग उठून आत गेले. मला वाटलं, मुलीला घेऊन येतायत. मी केस सारखे केले.

ते आले ते एक लांबट कापडी पिशवी घेऊन. गुडघ्यांवर बसून त्यांनी ती उघडली आणि आतून बंदूक काढली. दुनळी, दोन नळ्या शेजारी शेजारी असलेली. लाकडाचा रंग जुन्या पाटासारखा झाला होता आणि लोखंडावर बारीक पानं कोरलेली होती.

काय झालंय ते मला उलगडायला वेळ लागला. जिवापाड जपलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपवायची असली की जपानी माणूस तिला लग्न करून देतो म्हणतो, हे आमच्या वर्गात कुणी शिकवलंच नव्हतं. मी कुणासाठी स्थळ आणलं होतं हे माझ्या बोलण्यावरून ओळखून कानादा-सानने समजावून सांगितल्यावर मालकीणबाई तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावून आत पळाल्या. मालक इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव नाकोदो पडलं. नाकोदो म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. मी आठवडाभर त्या बाजूला फिरकले नाही.

पण हसण्याच्या त्या गडबडीत कानादा-सान हसत नव्हता. त्याने कप खाली ठेवला होता आणि हात मांडीखाली दाबून तो त्या बंदुकीकडे पाहत होता. जपानात एकाच्या नावावरची बंदूक दुसऱ्याने हातात घेणंही गुन्हा आहे, हे त्याला ठाऊक होतं. नंतर आमच्या घरी चहा पिताना तो सांगू लागला. कॅनडाच्या गवताळ पठारावर त्याच्या आजोबांची शेती होती आणि ते शरद ऋतूत तितरांच्या मागे जात तेव्हा त्यांच्याकडे अशीच दुनळी असे. आता तिकडच्या दुकानांत नळीवर नळी असलेल्या बंदुका रांगेने मिळतात, पंपाच्या मिळतात, आपोआप भरणाऱ्याही मिळतात. शेजारी-शेजारी नळ्यांची विचारली की दुकानदार एकतर इंग्लंडची दाखवतो, जिच्या किमतीत ट्रॅक्टर येईल, नाहीतर कुणाच्या तरी कोठारात गंजलेली. मधली, साध्या माणसाला परवडणारी, मिळता मिळत नाही. आणि ज्याला ती मिळते तो विकत नाही.

"मग एवढं काय असतं तिच्यात?" मी विचारलं. मला खरोखरच कळत नव्हतं.

"हातात घेतली की जिवंत वाटते," तो म्हणाला. "हलकी असते. दिवसभर चाललं तरी खांदा दुखत नाही. आणि दोन घोडे असतात, एकेका नळीचा एक, पुढचा आणि मागचा. पक्षी जवळ असला तर पुढचा, लांब असला तर मागचा. त्या क्षणी आपण निवडायचं. आजोबा म्हणायचे, बाकीच्या बंदुका तुला विचारतच नाहीत."

मग त्याने मुख्य गोष्ट सांगितली. आजोबांच्या बंदुकीवर अमेरिकन नाव होतं, पण नळ्यांच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असे, जपानमध्ये बनवलेली. त्या काळी इथल्या कारखान्यांतून अशा बंदुका बोटी भरभरून तिकडे जात. आजोबा गेल्यावर ती काकांनी कुणाला तरी विकून टाकली. मालकांच्या मांडीवरची बंदूक पाहिली तेव्हा त्याला हुबेहूब तीच वाटली होती. मी उगीचच उठून चहात साखर घालायला गेले.

इकडे मालकांची अडचण साधी होती. डोळे अधू झाले होते, परवान्याची मुदत त्यांच्या वाढदिवसाला संपत होती आणि मालकीणबाईंनी आता पुरे म्हणून सांगितलं होतं. मुलगा टोकियोत, त्याला रस नाही. त्यांच्या शिकारी मंडळातली नवी माणसं रानडुकरांच्या मागे जाणारी, त्यांना आपोआप भरणारी हवी. बंदुकांचा दुकानदार म्हणाला होता, मुदत संपली तर उन्हाळ्यापर्यंत माझ्याकडे ठेवून घेईन, पण पुढे नाही. त्यानंतर ती करवतीने कापून भंगारात जाणार होती. कानादा-सानने ती घ्यायचं ठरवलं, पण त्याला त्याआधी परवाना मिळायला हवा होता.

मग आमच्या इमारतीत परीक्षेचा हंगाम सुरू झाला. कायद्याचं पुस्तक जपानीत, परीक्षाही जपानीत. रोज संध्याकाळी मालक त्याला ओसरीवर बसवून शिकवू लागले आणि मी भाषा सुधारण्याच्या निमित्ताने शेजारी जाऊन बसू लागले. इंजिनियरच्या बायकोला आयुष्यात कधी लागणार नाहीत असे शब्द मी तिथे शिकले. काडतूस कुठे ठेवायचं, नळी कुणाकडे कधी वळवायची नाही, कुठला पक्षी मारायचा आणि कुठल्याची मादी सोडायची. पहिल्या परीक्षेत कानादा-सान नापास झाला. मालक दोन दिवस ओसरीवर आलेच नाहीत. दुसऱ्या परीक्षेत तो काठावर पास झाला आणि मालकांनी मला बोलावून पेढ्याऐवजी लाल चवळीची मिठाई दिली.

घरात बंदूक ठेवायची तर लोखंडी कपाट भिंतीला पक्कं बसवावं लागतं. ते कपाट आलं तेव्हा मालक स्वतः ड्रिल घेऊन वर गेले आणि त्यांनी भिंतीत चांगली चार भोकं पाडली. मी जिन्यात उभी राहून तो आवाज ऐकत होते. खाली आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते ड्रिल घेऊन आमच्याकडे आले आणि देवघर कुठे हवंय असं विचारलं.

शेवटी पोलीस आले. परवाना देण्याआधी ते शेजाऱ्यांकडे चौकशी करतात. एक तरुण पोलीस आमच्या दारात उभा राहिला आणि त्याने विचारायला सुरुवात केली. दारू पितो का? कुणाशी भांडतो का? आरडाओरडा? देणीबिणी? मला एकदम धीर आला. हे प्रश्न मला पाठ होते. आमच्या घरातल्या प्रत्येक मुलीच्या वेळी काकांनी हेच प्रश्न घेऊन मुलाच्या गल्लीत फेऱ्या मारल्या होत्या. मी म्हटलं, "फार शांत माणूस आहे. कुणाशी बोलत नाही, एकटाच असतो."

पोलिसाने लिहिता लिहिता मान वर केली. मुलीच्या बापाला जे ऐकून बरं वाटतं तेच ऐकून पोलिसाचे कान टवकारतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी घाईघाईने सांगितलं की तो मोठमोठ्याने हसतो, माझ्या नवऱ्याशी रोज क्रिकेट आणि आइस हॉकीवर वाद घालतो, बिअर पितो पण मग भांडी घासतो, आणि मालकांना आपल्या बापासारखं मानतो. पोलिसाने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि वही मिटली.

परवाना आला तो उन्हाळा संपता संपता. दुकानदाराने दिलेली मुदत उलटून गेली होती, पण मालक दर आठवड्याला जाऊन त्याच्यासमोर वाकत होते, म्हणून त्याने करवत लावली नव्हती. बंदूक दुकानातून कानादा-सानच्या ताब्यात आली तेव्हा मालक गेले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले.

शिकारीचा हंगाम उघडल्यावर आम्ही सगळे एका रविवारी डोंगराच्या पायथ्याला गेलो. मालकीणबाईंनी भाताचे गोळे केले होते, मी तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. आम्ही दोघी बांधावर बसलो. मालक आपली म्हातारी कुत्री घेऊन कानादा-सानच्या बरोबर चालत होते, रिकाम्या हातांनी. उसाच्या पाल्यासारख्या उंच वाळक्या गवताशी ते थांबले. कानादा-सानने बंदूक उघडली, काडतुसं काढून खिशात टाकली आणि ती दोन्ही हातांनी मालकांपुढे धरली. तिकडे कॅनडात मित्र मित्राला अशीच देतो. एकदाच धरा, असं तो म्हणाला असावा.

मालकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट पकडलं. मग ते वाकले, नीट, कमरेतून. कायदा त्यांनीच त्याला शिकवला होता. मला इतकं वाईट वाटलं की हातातली पुरी तशीच राहिली.

कानादा-सानने पुन्हा काडतुसं भरली. कुत्री गवतात शिरली आणि थोड्याच वेळात तिथून रानकोंबड्यासारखा एक नर पक्षी फडफडत उठला, लांब शेपटीचा. तो दूर निघाला होता. मालक ओरडले, "मागचा." बार झाला. पक्षी खाली आला. आणि हात पाठीशी तसेच धरून उभ्या असलेल्या मालकांचा उजवा खांदा झटक्याने मागे गेला.