सरांची सही, माझं पत्र

"तुम ही लिख लाओ, मैं साइन कर दूँगा," सर मायक्रोस्कोपवरून डोकं न उचलता म्हणाले.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, एम. पी. नगरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी चार वर्षं टेक्निशियन होते. परदेशातल्या एका मेडिकल कॉलेजला अर्ज करायचा होता, आणि त्यांना माझ्या बॉसचं, म्हणजे सरांचं, शिफारसपत्र हवं होतं. आपल्याकडे ज्याला पत्र हवं तोच ते लिहितो, साहेब खाली सही करतात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

पहिला ड्राफ्ट बाबांनी केला. ते कारखान्यात क्लार्क, जन्मभर अर्ज लिहिलेले. अयोध्या नगरच्या घरी एक अख्खा रविवार खपून त्यांनी इंग्रजी पत्र तयार केलं. मी घाईत तसंच नेलं, सरांनी न वाचता सही ठोकली. घरी जाताना रिक्षात वाचलं, तर शेवटी 'हिला प्रवेश देऊन उपकृत करावे, आपला आज्ञाधारक', आणि खाली सरांचं नाव, डिग्र्यांसकट. आधी हसू आलं, मग राग आला. माझ्या कामाबद्दल त्यात एक धड वाक्य नव्हतं. पत्र फाडून टाकलं.

दुसरं मी स्वतः लिहिलं. त्यात एकच प्रसंग घातला. एका आजोबांचं पोटॅशियम भलतंच वाढलेलं आलं होतं. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या, तर त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच वाढतो. अशा सॅम्पलला आम्ही हिमोलाइज्ड म्हणतो. सर रिपोर्टवर सही करून मोकळे झाले होते. मी ट्यूब उजेडात धरली, तर पिवळसर असायला हवं ते सीरम लालसर दिसत होतं. मी रिपोर्ट अडवला, आजोबांना परत बोलावून रक्त घेतलं. पोटॅशियम नॉर्मल निघालं. सरांनी नव्या रिपोर्टवरही सही केली होती.

पत्रात मी जपूनच लिहिलं होतं, 'लॅबकडून एक चूक झाली होती.'

सरांनी याही वेळी सरळ पेन काढलं. मी कागदावर हात ठेवला.

"सर, पहले पढ़ लीजिए."

"अरे, भरोसा है तुम पर."

"नीचे नाम आपका जाएगा, सर. बिना पढ़े नहीं लूँगी."

बोलून तर गेले. अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली होती. सरांचं बिनसलं असतं, तर दुसरं पत्र आणायचं कुठून?

सरांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. मग त्या वाक्यावर काट मारून वर लिहिलं, 'चूक माझी होती. तिने मला थांबवलं.'

"टाइप करवा लो," एवढंच म्हणाले.

मला प्रवेश मिळाला. इंटरव्ह्यूत कॉलेजवाल्यांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच ओळीवर घालवला. स्वतःची शिफारस स्वतः लिहिता येते. फक्त तिच्यातलं कामाचं वाक्य सही करणाऱ्यालाच लिहावं लागतं.