फणसाडच्या फाटकावरचं सांबार

समुद्र मला पहिल्यांदा दिसला तो एस.टी.च्या खिडकीतून, आणि तोही अर्धाच. उरलेल्या अर्ध्या खिडकीत आमच्या थोरल्या जाऊबाईंचं डोकं होतं. अलिबाग मागे टाकून गाडी मुरूडच्या वाटेला लागली, नारळाची झाडं जरा बाजूला झाली आणि जाऊबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

"मालती, याचा पलीकडचा काठ कुठं आहे वं?"

"काठ नाही, जाऊबाई. पलीकडे अरबस्तान आहे."

"मंग आपल्या अंबाझरी तलावाहून मोठाच म्हणायचा," त्या म्हणाल्या, आणि नागपूर सोडल्यापासून पहिल्यांदाच पाठ टेकून बसल्या.

बिचाऱ्यांचं काय चुकलं म्हणा. आम्ही दोघी जावाच निघालो होतो, सोबत पुरुष माणूस नाही. नागपुरात, महाल भागातल्या आमच्या घरात हे कधी झालंच नव्हतं. जाऊबाई साठीच्या, पण स्वतःचं तिकीट त्यांनी हातात धरलं ते या प्रवासात. नागपूरपासून मुंबईपर्यंत ते मुठीत असं आवळून ठेवलं की तपासनिसाला उलगडून वाचावं लागलं. स्टेशनवर आमच्या ह्यांनी अट घातली होती, "जा खुशाल. पण 'आम्हाले घ्यायले या' अशी एक जरी तार आली, तर पुढच्या खेपेपासून मी नाही तर दादा सोबत." दादा म्हणजे माझे थोरले दीर, जाऊबाईंचे यजमान. ते शेजारीच उभे राहून मान डोलवत होते. मी म्हटलं, "तारवाल्याची वाट पाहू नका. दार लावून झोपा."

मुरूडला आम्ही एका वाडीत उतरलो. (आपल्याकडे वाडी म्हणजे अमरावती रोडवरचं गाव, तिकडे घरामागच्या नारळ-सुपारीच्या बागेला वाडी म्हणतात.) घरच्या मावशींनी काय जेवू घातलं म्हणून सांगू! मऊ लुसलुशीत तांदळाची भाकरी, माझ्यासाठी तळलेली मांदेली (बोटाएवढी सोनेरी मासळी), जाऊबाई मासे खात नाहीत म्हणून त्यांच्यासाठी कडव्या वालांची उसळ, आणि वर सोलकढी. सकाळी किनाऱ्यावर गेलो तर पाणी पार लांब गेलेलं. "समुद्र कोणी नेला वं?" जाऊबाई ओरडल्याच. एका कोळिणीने हसत सांगितलं, "ओहोटी हाय बाय, येल माघारी." मग शिडाच्या होडीतून जंजिरा पाहिला. होडीत जाऊबाईंनी डोळे मिटले ते किल्ल्याच्या पायरीलाच उघडले.

मावशींचं इतकं खाल्लं, तर त्यांना आपल्या हातचं काही खिलवावं असं माझ्या मनात आलं. नागपूरकराच्या मनात काय येणार? सांबारवडी. मी विचारलं, "मावशी, सांबार मिळेल का कुठं?" आता हे वाचणारे आपल्याकडचे आहेत, त्यांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसाठी सांगते, आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो.

मावशी म्हणाल्या, "सांबर? ते इथे कुठलं, काकू? ते फणसाडच्या रानात."

मी म्हटलं, वा! इथे सांबार रानात उगवतं! फणसाडचं रान नुकतंच अभयारण्य झालं होतं आणि ते आम्हाला पाहायचंच होतं. दुसऱ्या दिवशी कापडी पिशवी आणि चाकू घेऊन, पहिल्या एस.टी.ने आम्ही तिथे हजर.

फाटकाजवळ खाकी कपड्यांतला एक तरुण वनरक्षक बाकावर बसला होता.

"कुठून आलात, काकू?"

"नागपूरहून. काय गा भाऊ, इथं सांबार भरपूर आहे म्हणे?"

त्याचा चेहरा खुलला. "आहे ना. पाणवठ्यावर येतं."

"पाण्याजवळच येणार ते. थोडं घेऊन जाऊ म्हणते. संध्याकाळी वड्या करायच्या आहेत."

"कसल्या वड्या?"

"सांबाराच्या. आमच्याकडे थंडीत घरोघरी होतात."

"घरोघरी?"

"जास्त नको. पिशवीत मावेल तेवढंच. कोवळं पाहून घेऊ, जून झालं की चव नाही राहत. कापायले चाकू आणला आहे मी."

तो उभा राहिला. टोपी डोक्यावर चढवली. "तो चाकू आधी इकडे द्या."

मी दिला. मला वाटलं, मदत करतो आहे.

"सोबत पुरुष माणूस कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग साहेब येईपर्यंत इथेच बसा. आणि घरचा पत्ता सांगा. तार करून माणसं बोलावून घेऊ."

तार! डोळ्यांपुढे ह्यांचा चेहरा आला, मान डोलवणारे दादा आले. इथून पुढे जन्मभर कोणाच्या तरी मागे पिशवी धरून चालायचं, ते काय तर मूठभर सांबारासाठी!

"काहून गा?" एवढंच काय ते मी बोलले.

"का म्हणून काय? हे काही शिकारीचं रान नाही राहिलं आता!"

तेव्हा जाऊबाई पुढे झाल्या. हो, होडीत डोळे मिटणाऱ्या आमच्या जाऊबाई. वाटेत उपाशी राहू या भीतीने त्यांनी घरच्या सांबारवड्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, त्यातली एक उरली होती. तीन दिवसांची. त्यांनी डबा उघडला, वडी मधोमध मोडली आणि आतलं हिरवं सारण त्याच्या नाकाखाली धरलं.

"हे पाहा भाऊ, हे आमचं सांबार. याले शिंगं दिसून राहिली का तुम्हाले?"

त्याने वास घेतला. पुन्हा घेतला. "ही तर कोथिंबीर!"

"असेल तुमच्याकडे. आमच्याकडे सांबार."

तो बाकावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "एका कान्यासाठी मी तुम्हाला साहेबांपुढे उभं करत होतो!" मोडलेली वडी त्यानेच खाल्ली. चाकू परत दिला आणि रान दाखवायला स्वतः निघाला.

काय रान ते! दाट, ओलसर, वेलींनी बांधून काढल्यासारखं. उंच फांदीवर त्याने शेकरू (झुबकेदार शेपटीची तांबूस खार, मांजराएवढी) दाखवलं. चढ चढून गेलो तर फांद्यांच्या फटीतून खाली समुद्र. रानात उभं राहून समुद्र पाहायचा, हे मला माहीतच नव्हतं. परतताना पाणवठ्याच्या चिखलात खुरांचे ताजे ठसे होते.

"हे आमचं सांबर," तो म्हणाला.

जाऊबाई वाकल्या, ठशाशेजारी आपला तळवा धरून पाहिला. "हे पिशवीत नसतं मावलं वं, मालती."

संध्याकाळी मावशींनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "कोथिंबीर म्हणायचं ना! मागच्या दारी वाफा आहे की." वड्या झाल्या. मावशींनी चार खाल्ल्या आणि मुलीसाठी दोन झाकून ठेवल्या.

नागपूरला गाडीतून उतरलो तर ह्यांचा पहिला प्रश्न, "काय, तार नाही आली ते?"

मी सगळं तिखटमीठ लावून सांगणार, तेवढ्यात जाऊबाईच बोलल्या, "तार कशाले पाहिजे, भाऊजी? मी होती ना तिच्यासोबत."

मी त्यांना समुद्र दाखवायला घेऊन गेले असं इतके दिवस समजत होते. फाटकावर कोण कोणाच्या सोबतीला होतं, हे आता माझं मला कळत होतं.

स्टेशनच्या दारात तिकिटं द्यायची होती. दादांनी सवयीने हात पुढे केला.

"राहू द्या," जाऊबाई म्हणाल्या. "माझं माझ्याजवळ आहे." आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यातून त्यांनी तिकीट काढलं. या वेळी त्यावर एकही सुरकुती नव्हती.