पेंटरने पाळलेलं मौन

पेंटरने सन्मान पथकाच्या अध्यक्षांच्या अंगावर पिवळ्या रंगाचा डबा ओतला, असं सध्या गल्लीभर चालू आहे. न्हाव्याच्या खुर्चीत तो डबा अर्ध्या लिटरचा होता. औषधांच्या दुकानापर्यंत येईतो त्याची बादली झाली. परवा तर एका बाईंनी, पेंटर शिडीवरून उडी मारून अध्यक्षांच्या छाताडावर कसा बसला, तेही हातवारे करून दाखवलं. पेंटरचे गुडघे ज्याने बघितलेत त्याने असं बोलू नये. हा माणूस शिडीवरून उतरायला लागला की खाली उभा असलेला चहा पिऊन परत येतो, तरी हा तिसऱ्या पायरीवरच असतो.

तर डबा ओतला नाही. डबा झाकण लावून टेबलाखाली होता, ब्रश फडक्यात गुंडाळलेला होता आणि पेंटर दोन्ही हात मागे बांधून उभा होता. जागचा हलला नाही की बोट उचललं नाही. एवढं करायला त्याने एकेचाळीस वर्षं वाट बघितली होती.

पेंटरचं दुकान म्हणजे एक शटर, आत दोन स्टुलं आणि भिंतीला टेकवलेल्या अर्धवट पाट्या. 'गाडी लावू नये', 'चौकशी आत करावी', 'आज बंद'. खडू लावलेला दोरा एका हाताने आणि दातांनी ताणायचा, दुसऱ्या हाताने टिचकी मारायची, की फळीवर सरळ रेघ उमटते. उरलेला वेळ तोंडात ब्रश. त्यामुळे बोलणं 'हं' आणि 'हां' एवढंच. 'हं' म्हणजे होईल, 'हां' म्हणजे बघू. बाकीचं सगळं त्याची बायको बोलते. तिला अख्खी गल्ली वहिनी म्हणते आणि थोडी घाबरूनही असते.

आता हे सन्मान पथक काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. शहरात स्काउटांची सात पथकं. दर वर्षी प्रत्येक पथकातली पोरं गुप्त मतदान करून आपल्यातला एकेक जण निवडतात. चिठ्ठ्या पडतात त्या संस्थापक कवायतमास्तरांच्या जुन्या टोपीत. टोपीला आता इतकी भोकं आहेत की निम्म्या चिठ्ठ्या खालून गळतात, पण टोपी बदलायची नाही, परंपरा आहे. निवडलेल्या पोराच्या खांद्यावर शिबिरात तीनदा थाप पडते आणि दुसऱ्या दिवशी त्याचं मौन. सकाळच्या शिट्टीपासून पुढच्या सकाळच्या शिट्टीपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, दोन उकडलेल्या बटाट्यांवर दिवस काढायचा, लाकडं फोडायची, चर खणायचे. निभावलं तर तो सन्मान पथकात जातो, सभागृहात आईवडिलांच्या देखत खांद्यावरून छाती-पाठीवर हिरवा पट्टा येतो आणि सन्मानफलकावर नाव चढतं. संधी आयुष्यात एकदाच.

या मौनात आत्मसंयम आहे, अंतर्मुखता आहे, असं दर वर्षी भाषणात सांगतात. पहिल्या तुकडीतले म्हातारे मात्र हसून लोळायचे बाकी राहतात. त्यांचं म्हणणं, यात आहे तो फक्त कवायतमास्तरांचा घसा. पहिल्याच शिबिरात ओरडून ओरडून मास्तरांचा आवाज बसला. दिवसभर ते खुणांनी हुकूम सोडत राहिले, तेव्हा त्यांची टर उडवायला पोरंही खुणांनीच बोलू लागली. मास्तरांना वाटलं, पोरं आपल्याबरोबर त्रास सोसतायत. बिचाऱ्यांचे डोळे भरून आले आणि पुढच्या वर्षी त्याचा नियम झाला.

पेंटर चौदाव्या वर्षी या मौनाला बसला तेव्हा त्याला काडी म्हणायचे, कारण अंगावर दुसरं काही नव्हतंच. त्याच्याबरोबर दुसऱ्या पथकातला एक गोबरा पोरगा होता. शिबिराच्या कोठीतले दुधाचे डबे रिकामे व्हायचे ते याच्यामुळे, म्हणून नाव पडलं बोका. दुपारी बाकीचे पाच उमेदवार ओढ्यावर पाण्याला गेले होते. हे दोघे एका वाळक्या झाडाची अर्धवट कापलेली फांदी पाडत होते. काडीने दोर धरला होता. बोका खाली वाकून ढलप्या गोळा करत होता. वर कडकड वाजलं, दोर हातातून सुटला, आणि काडी ओरडला,

"बोक्या, सरक!"

बोका सरकला. तो जिथे वाकला होता तिथे फांदी येऊन आदळली आणि त्याची पाण्याची बाटली चपटी होऊन गेली. दोघांनी बाटलीकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं. ऐकायला तिसरं कोणी नव्हतं.

संध्याकाळी मास्तरांनी सातही जणांना रांगेत उभं केलं. "कोणाचं मौन मोडलंय?" सगळ्यांच्या माना नकारार्थी हलल्या. काडीची मान हलायच्या बेतात होती, इकडे की तिकडे ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. तेवढ्यात बोका पुढे झाला. त्याने एक काटकी उचलली आणि मातीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हा बोलला.' खाली रेघसुद्धा मारली. स्वतः मात्र चकार शब्द काढला नाही, मौन होतं ना.

"बोललास?" मास्तरांनी विचारलं. काडीने मान डोलावली. "का?" आता याचं उत्तर द्यायला तोंड उघडावं लागणार होतं. काडीने ते उघडलं नाही. त्याने फांदीकडे बोट दाखवलं, बाटली दाखवली, पडल्याचा आविर्भाव केला. मास्तरांना वाटलं, पोराला चक्कर येतेय. दुसऱ्या दिवशी शिट्टी झाल्यावर त्याने सगळं सांगितलं, तर मास्तर म्हणाले, "कारणं सगळ्यांकडेच असतात. नियम म्हणजे नियम."

त्या दिवशी सभागृहात तिसऱ्या रांगेत काडीची आई बसली होती. तिला कोणी निरोपच दिला नव्हता. शेजारणीच्या चपला घालून आली होती, एक नंबर मोठ्या. प्रत्येक नावाला तिने टाळ्या वाजवल्या, आता पुढचं आपल्याचंच म्हणून. सहा नावं झाली. सहाव्याला, म्हणजे बोक्याला, तिने जरा जास्तच वाजवल्या. मग सगळे उठायला लागले तेव्हा तिने हात पदराखाली घेतले. वाटेत म्हणाली, "पुढच्या वर्षी देतील हो तुला." ती जाईपर्यंत तिला हेच वाटत होतं, की पोराने आळस केला, पुढच्या वर्षी नाव घातलं नाही.

बोका पुढे दातांचा डॉक्टर झाला. धंदा अगदी स्वभावाला शोभणारा: दुसऱ्याला तोंड उघडायला लावायचं आणि बोलू द्यायचं नाही. काडी पाट्या रंगवायला लागला आणि त्याच्या उस्तादामागून सन्मानफलकाचं काम आपसूक त्याच्याकडे आलं. म्हणजे बघा, ज्या फलकावर आपलं नाव नाही त्यावर हा गृहस्थ तीस वर्षं दुसऱ्यांची नावं लिहितोय. फलक चार वेळा पुसून नव्याने लिहिला. चारही वेळा डॉक्टरांचं नाव केसभर खाली उतरलेलं. डॉक्टर एकदा गवंड्याची पातळी घेऊन आले, फळीला लावली, बुडबुडा बरोबर मध्ये. "मग वाकडं का दिसतंय?" "हां," पेंटर म्हणाला.

वहिनी चिडायच्या. "अहो, केसभराने काय होणार आहे? असा काय सूड असतो?"

"रोज येता-जाता बघतो ना तो."

"नाहीतर सोडून द्या एकदाचं."

"आईने टाळ्या वाजवल्या होत्या त्याच्यासाठी," पेंटर म्हणाला आणि ब्रश परत तोंडात धरला.

यंदा सन्मान पथकाला पन्नास वर्षं झाली. डॉक्टर अध्यक्ष झाले आणि पथकाचा इतिहास लिहायला बसले. वहिनींनी पेंटरला स्वच्छ शर्ट घालून जवळजवळ ढकलतच दवाखान्यात पाठवलं. खुर्चीत एक पेशंट आ करून पडला होता.

"काड्या! ये, ये. दात दुखतोय?"

"नाही. इतिहास लिहिताय म्हणे. त्या दिवशी काय झालं तेवढं लिहा. नाव नका चढवू पाहिजे तर. खरं काय ते लिहा."

"अरे, लिहिणार ना. तू बोललास, ते खरंच आहे."

"तुमच्यासाठी बोललो."

"कोणासाठी हा मुद्दाच येत नाही रे. परंपरा आहे." डॉक्टरांनी यंत्र सुरू केलं. पेशंट "आँ, आँ" करून काहीतरी सांगू बघत होता, बहुधा पेंटरच्या बाजूने. "हलू नका," डॉक्टर म्हणाले.

पुस्तिका छापून आली. नवव्या वर्षाखाली एक ओळ होती: 'या वर्षी एका उमेदवाराने क्षुल्लक कारणावरून मौन मोडल्याने त्यास वगळण्यात आले.' पेंटरने ती ओळ दुकानात उभ्याने वाचली. मग चष्मा पुसून परत वाचली. मग 'क्षुल्लक' हा शब्द त्याने एका कोऱ्या फळीवर फूटभर अक्षरात खडूने लिहिला, लांब जाऊन बघितला आणि ओल्या फडक्याने पुसून टाकला. त्या आठवड्यात त्याने मनातल्या मनात डॉक्टरांचं काय काय केलं ते ऐकायचं तर वहिनींना विचारा. तो झोपेत 'आ करा' म्हणत होता.

संधी डॉक्टरांनीच आणून दिली, तीही घरपोच. समारंभाच्या दिवशी सकाळी माणूस धाडला: फलकावर मधोमध, मोठ्या अक्षरात, 'सुवर्णमहोत्सवी अध्यक्ष' आणि खाली आपलं नाव, आत्ताच्या आत्ता. पेंटर सभागृहात गेला. फलक भिंतीवरून उतरवून व्यासपीठावर दोन बुटक्या स्टुलांवर उभा केला होता.

"वाळायला उद्या सकाळ होईल," पेंटर म्हणाला.

"पंखे लावतो. तू लिही."

पेंटरने लिहिलं. पिवळी धमक, हातभर लांब, दाट ओळ, या वेळी केसभरही वाकडी नाही. रंग पातळ करायला टर्पेंटाइन कमी पडलं होतं असा वहिनींना संशय आहे. पेंटर म्हणतो, होतं तेवढं पुरलं. लिहून झाल्यावर त्याने वर एक छोटी पाटी अडकवली: 'रंग ओला आहे'. डॉक्टरांनी ती काढून कोटाच्या खिशात घातली. "फोटोत नको यायला."

सभागृह भरलं. पट्टेवाले, त्यांची बायकापोरं, मिळून दीडशे लोक. पेंटर एका कडेला, काही पुसटलं तर हात फिरवायला म्हणून थांबलेला. अध्यक्ष गडद निळ्या नव्या कोटावर एकेचाळीस वर्षांपूर्वीचा हिरवा पट्टा घालून व्यासपीठावर आले. कार्यक्रमाची सुरुवात मौनाने, हीसुद्धा परंपराच. दहा मिनिटं, शिट्टी ते शिट्टी, सभागृहातल्या प्रत्येकाने. डॉक्टरांनी स्वतः सगळ्यांना तंबी दिली, "काहीही झालं तरी!" आणि शिट्टी फुंकली.

चौथ्या मिनिटाला फोटोग्राफरने हाताने खूण केली, जरा मागे. अध्यक्ष एक पाऊल मागे सरले. फोटोग्राफर डोळा कॅमेऱ्याला लावून होता, त्याला फक्त पुढचं दिसत होतं. अजून जरा.

पेंटर चार हातांवर होता. अध्यक्षांच्या पाठीत आणि ओळीत वीतभर अंतर राहिलं, मग चार बोटं. त्याच्या जिभेवर तो जुना शब्द आला, अगदी तोच. तोंड आपोआप उघडलं. त्याला तिसरी रांग दिसली, पदराखाली गेलेले हात दिसले. त्याने तोंड मिटलं आणि हात मागे बांधले.

अध्यक्ष ऐटीत फलकाला टेकले. चांगले रेलले.

समोर दीडशे लोकांनी ते बघितलं आणि दीडशे लोक परंपरेला बांधलेले. पहिल्या रांगेत डॉक्टरांची बायको दोन्ही हात हलवत होती. डॉक्टरांना वाटलं, कौतुक. त्यांनीही हात हलवला आणि आणखी मागे रेलले. एकाने तोंडात रुमाल कोंबला. एका आजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डॉक्टरांना तेही संयमाचं दर्शन वाटलं. सहा मिनिटं हा माणूस आपल्या नावाला पाठ चिकटवून उभा होता.

मग त्यांनी शिट्टी वाजवली आणि पुढे यायला निघाले, तर पट्टा मागेच. ओढला तेव्हा चर्रकन आवाज झाला. पट्टा निम्मा फलकावर राहिला. फलकावरची ओळ फासून गेली आणि निळ्या पाठीवर ती उलटी, पण पिवळी धमक उठली. सभागृहात जे हसू फुटलं ते आवरायला वीस मिनिटं लागली. डॉक्टरांनी तोंड पुसायला रुमाल काढला तर खिशातून 'रंग ओला आहे' ही पाटी खाली पडली आणि हसू पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

डॉक्टर दातओठ खात पेंटरपाशी आले. "तू इथेच उभा होतास! सगळं दिसत होतं तुला! एक शब्द नव्हता का काढता येत?"

पेंटरने आधी टेबलाखालून डबा काढला, फडक्यातला ब्रश काढून बघितला, परत गुंडाळला. मग म्हणाला,

"दिसत होतं की, डॉक्टर. पण इतक्या क्षुल्लक कारणावरून मौन मोडायचं नसतं."